पीएच.डी.नंतरची उमेदवारी

डॉक्टरेट मिळाली म्हणजे शिक्षणाचा शेवटचा टप्पा गाठला, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. गावात सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते आणि नावाआधी ‘डॉ.’ लागते. मग वर्षभरात नातेवाईक विचारू लागतात, “नोकरीचं काय झालं?” नेमक्या याच वेळी तो मुलगा किंवा ती मुलगी सांगते, की आता दोन वर्षे पोस्ट-डॉक करायचे आहे. “म्हणजे अजून शिकायचं राहिलंच का?” हा प्रश्न मग घरातून निघून बहुधा शाळेतल्या जुन्या गुरुजींपर्यंत पोचतो. केज, गेवराई, पाटोदा, धारूर अशा तालुक्यांत ज्या घरातली ती पहिलीच पदवी असते, त्या घराला सल्ला विचारायला दुसरे ठिकाण नसते. शिक्षकांना या प्रश्नाचे उत्तर देता यावे आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पुढची वाट आधीच थोडी दिसावी, यासाठी हा लेख.

पोस्ट-डॉक हा अभ्यासक्रम नाही. त्याला परीक्षा नसते, शुल्क नसते आणि शेवटी कोणती पदवीही मिळत नाही. ते ठरावीक मुदतीचे, पगारी संशोधनाचे काम आहे. त्याला ‘पीएच.डी.-उत्तर संशोधन’ असे म्हणतात खरे. पण मला आपला जुना ‘उमेदवारी’ हा शब्द अधिक चपखल वाटतो. हातात कसब आलेला तरुण कारागीर स्वतःचे दुकान थाटण्याआधी दुसऱ्या एखाद्या नावाजलेल्या कारागिराकडे काही काळ राहतो. हत्यारे त्याला चालवता येतात. दुसऱ्याची हत्यारे आणि दुसऱ्याची पद्धत पाहायची राहिलेली असते. संशोधनातही तसेच आहे. पीएच.डी.च्या काळात विद्यार्थी एका मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एक प्रश्न तडीस नेतो आणि तो प्रश्न बहुतेक वेळा मार्गदर्शकाचाच असतो. पोस्ट-डॉकमध्ये प्रश्न निवडण्यात, प्रयोग आखण्यात आणि फसलेल्या प्रयोगाचे कारण शोधण्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा असावा, अशी अपेक्षा असते.

यासाठी दुसरी प्रयोगशाळाच का लागते? शोधनिबंधात कृती छापलेली असतेच की. पण पुरणपोळीची कृतीही पुस्तकात छापलेली असते. पुरण किती आटवायचे, कणीक किती सैल मळायची, हे शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रथिनाचे स्फटिक वाढवणे, पातळ थर एकसारखा बसवणे, सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र खरे की खोटे हे ओळखणे, या गोष्टी हाताने हाताला शिकवल्या जातात.

ही प्रथा संस्थांच्या पातळीवर फार जुनी नाही. अमेरिकेत १९१९ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून नॅशनल रिसर्च कौन्सिलने भौतिकी व रसायनशास्त्रातील तरुण डॉक्टरांसाठी पाठ्यवृत्त्या सुरू केल्या. तेव्हापासून तिला निश्चित रूप येत गेले. आपल्याकडील एक उदाहरण मात्र मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. १९२४ च्या जूनमध्ये ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी बर्लिनला आइन्स्टाइनना एक पत्र लिहिले. दोघांची ओळख नव्हती. बोस यांच्याकडे डॉक्टरेटही नव्हती. पत्रासोबत त्यांनी प्लांकच्या नियमाची नव्या रीतीने केलेली सिद्धता पाठवली आणि ती पटली तर जर्मन नियतकालिकात छापून आणावी, अशी विनंती केली. आइन्स्टाइननी स्वतः तिचे जर्मन भाषांतर करून ती प्रसिद्ध केली. पुढे आइन्स्टाइन यांच्या एका पोस्टकार्डाच्या बळावर बोस यांना विद्यापीठाकडून दोन वर्षांची रजा मिळाली आणि ते पॅरिस व बर्लिनला गेले. त्या पत्रात ‘मला संधी द्या’ असा सूर नव्हता. ‘मी हे केले आहे, पाहा’ असा होता. पोस्ट-डॉकची जागा शोधणाऱ्याने पत्र कसे लिहावे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मराठी वाचकांना कमला सोहोनी, म्हणजे तेव्हाच्या कमला भागवत, यांची हकीकत परिचित आहे. १९३३ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला. त्या अडून राहिल्या, तेव्हा अटी घालून दिला. १९३७ मध्ये त्या केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात पोचल्या. तिथे जागा भरलेल्या होत्या. डेरेक रिश्टर या संशोधकाने ‘दिवसा माझे टेबल तू वापर, मी रात्री काम करीन’ असे म्हणून त्यांची सोय केली, असे सांगतात. रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या आणि वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम-सी असल्याचे त्यांनी दाखवून दिले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. हे काम पीएच.डी.चे होते, पोस्ट-डॉकचे नव्हे. तरी इथे सांगण्याचे कारण असे, की संशोधनातली जागा म्हणजे शेवटी एक टेबल असते आणि ते टेबल कोणीतरी एक माणूस देतो. अर्ज विद्यापीठाच्या नावे केला, तरी निवड बहुतेक वेळा एका प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या हातात असते.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा मार्ग आजच्या अर्थाने सरळ पोस्ट-डॉकचा होता. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागातून १९६९ मध्ये पीएच.डी., मग इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात लेव्हरह्यूम पाठ्यवृत्ती, तिथेच अध्यापन, आणि १९७६ मध्ये परतून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत.

पैसा कोणाचा?

जागा शोधण्याआधी हा प्रश्न समजून घ्यावा. पोस्ट-डॉकचा पैसा दोन वाटांनी येतो. पहिल्या वाटेत एखाद्या प्राध्यापकाला सरकारकडून किंवा उद्योगाकडून प्रकल्पासाठी अनुदान मिळालेले असते आणि त्यात एका संशोधकाच्या पगाराची तरतूद असते. अनुदानाला मुदत असते. म्हणून प्राध्यापकाला माणूस लवकर हवा असतो आणि तो नेमके तेच काम येणारा हवा असतो. भारतातील अशा प्रकल्पांवर ‘रिसर्च असोसिएट’ नेमले जातात. केंद्र सरकारच्या विज्ञान विभागांनी १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार त्यांना पायरीप्रमाणे दरमहा ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो.

दुसऱ्या वाटेत उमेदवार स्वतःच्या नावे पाठ्यवृत्ती मिळवतो आणि आपला पैसा आपल्यासोबत घेऊन प्रयोगशाळेत जातो. भारतात ‘नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप’ आहे. ती पूर्वी विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ देत असे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये ते मंडळ विलीन झाले. जर्मनीत हुम्बोल्ट प्रतिष्ठान, जपानमध्ये तेथील विज्ञान प्रवर्तन संस्था, युरोपीय संघात मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी यांच्या नावाची योजना अशा अनेक पाठ्यवृत्त्या आहेत. यांतील जवळजवळ प्रत्येकीसाठी ‘आम्ही या उमेदवाराला जागा देऊ’ असे यजमान प्राध्यापकाचे संमतिपत्र आधी लागते. म्हणजे दोन्ही वाटा शेवटी त्याच टेबलापाशी येतात.

आता बीडच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. आपल्या राष्ट्रीय पाठ्यवृत्तीला वयाची अट आहे: ३५ वर्षे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, महिला आणि दिव्यांग यांना पाच वर्षांची सवलत मिळते. परदेशी योजनांपैकी अनेक योजना मात्र जन्मतारीख पाहत नाहीत, पीएच.डी.ची तारीख पाहतात. हुम्बोल्टच्या पोस्ट-डॉक पाठ्यवृत्तीसाठी डॉक्टरेट होऊन चार वर्षांपेक्षा अधिक काळ लोटलेला नसावा, जपानच्या नेहमीच्या योजनेला सहा वर्षांची, तर क्यूरी योजनेला आठ वर्षांची मर्यादा आहे. आपला विद्यार्थी एम.एस्सी. करतो, मग नेट-सेटच्या तयारीत एक-दोन वर्षे घालवतो, मध्ये कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवतो, शेतीत नापिकीचे वर्ष आले तर घरी परततो, आणि पीएच.डी. हाती येईपर्यंत तेहतीस-चौतीस वर्षांचा होतो. ‘आता वय गेलं’ असे म्हणून तो गप्प बसतो. त्याचे वय गेलेले असते ते एका योजनेपुरते. ज्या योजना पीएच.डी.च्या तारखेपासून मोजतात, त्यांच्या दृष्टीने त्याचे घड्याळ नुकते सुरू झालेले असते.

स्पर्धा मोठी आहे, हेही सांगितले पाहिजे. क्यूरी योजनेच्या २०२४ च्या फेरीत दहा हजारांहून अधिक अर्ज आले आणि सुमारे १,७०० मंजूर झाले. म्हणून एकाच अर्जावर वर्ष घालवू नये. प्रकल्पाची जागा आणि पाठ्यवृत्ती या दोन्ही वाटा एकदमच चालाव्यात.

प्रयोगशाळा कशी शोधायची?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बालाघाटच्या डोंगररांगांतले सीताफळ आपल्या परिचयाचे आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक निर्देशांकाचे मानांकनही मिळाले आहे. समजा, धारूर तालुक्यातील एका मुलीने छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून सीताफळाच्या बियांतील कीटकनाशक द्रव्यांवर पीएच.डी. केली. आता तिने कुठे जावे? ‘सीताफळावर संशोधन करणारी परदेशी प्रयोगशाळा’ असे ती शोधू लागली, तर हाती फारसे काही लागणार नाही. फळाचे नाव तिने बाजूला ठेवावे आणि रेणूकडे पाहावे.

बियांची पूड उवांवर लावण्याची खेड्यात जुनी रीत आहे (ती डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे). तिचा हा प्रभाव ‘ॲसिटोजेनिन’ नावाच्या रेणूंमुळे असतो. आपल्या पेशींतील मायटोकॉन्ड्रियामध्ये अन्नापासून मिळालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनसमूहाकडून दुसऱ्याकडे सोपवले जात शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि या प्रवासात पेशीला ऊर्जा मिळते. या साखळीतील पहिल्याच समूहाचे, म्हणजे कॉम्प्लेक्स-१ चे काम ॲसिटोजेनिने बंद पाडतात. कमलाबाईंचे सायटोक्रोम-सी ही याच साखळीतली पुढची कडी. एकदा हे लक्षात आले, की धारूरच्या मुलीला चार दारे दिसू लागतात. कॉम्प्लेक्स-१ ची रचना उलगडणारे जीवभौतिकतज्ज्ञ आहेत. केंब्रिजमध्ये तर मायटोकॉन्ड्रियासाठी स्वतंत्र संशोधन केंद्रच आहे. पिकांवरील किडींचा अभ्यास करणारे कीटकशास्त्रज्ञ आहेत. कर्करोगाच्या पेशींवर या रेणूंचा परिणाम तपासणारे आहेत. आणि इतक्या गुंतागुंतीचे रेणू प्रयोगशाळेत बनवू पाहणारे सेंद्रिय रसायनतज्ज्ञ आहेत. हे रेणू बियांतून शुद्ध रूपात वेगळे काढण्याचे तिचे कसब या चौघांनाही हवे असू शकते.

शोध घेण्याची रीत सोपी, पण चिकाटीची आहे. आपल्या प्रबंधात उद्धृत केलेले निबंध पुन्हा काढावेत. कोणती नावे वारंवार येतात, हे पाहावे. शेवटचे नाव बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते. मग त्या व्यक्तीचे गेल्या दोन-तीन वर्षांतले निबंध वाचावेत आणि निबंधाच्या शेवटी कोणत्या अनुदानाचे आभार मानले आहेत, ते पाहावे. त्यावरून पैसा कुठून येतो, याचा अंदाज येतो. पूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी नियतकालिके मिळत नसत, ही मोठीच अडचण होती. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली सरकारी विद्यापीठे व संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली आहेत. ती सोय आपल्या विद्यापीठात कशी वापरायची, हे ग्रंथपालांना विचारावे. ग्रंथपालांना असे प्रश्न विचारणारे फार थोडे असतात.

यानंतर पत्र. मला दर आठवड्याला अशी पत्रे येतात. ‘आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे’ अशी सुरुवात असली, की पुढचे वाचायची गरज उरत नाही. तेच पत्र आणखी दोनशे जणांना गेलेले असते. एकदा तर वर नाव माझे आणि आत प्रशंसा माझ्या शेजारच्या सहकाऱ्याच्या शोधाची होती. चांगले पत्र अर्ध्या पानाचे असते. मी काय केले आणि त्यातून काय निघाले, हे दोन-तीन वाक्यांत. तुमच्या अमुक निबंधातील अमुक प्रश्नाशी त्याचा संबंध काय, हे दोन वाक्यांत. मला कोणती तंत्रे स्वतःच्या हाताने येतात आणि मी केव्हापासून येऊ शकेन, हे एका वाक्यात. सोबत परिचयपत्र आणि एक चांगला निबंध. इंग्रजीची भीती मराठी माध्यमातल्या मुलांना फार असते. पण साधे, बरोबर इंग्रजी पुरते. अलंकारिक इंग्रजीने नुकसानच होते. उत्तर आले नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करावी आणि पुढे जावे. उत्तर न येणे हा अपमान नव्हे. समोरच्याकडे त्या वर्षी पैसाच नसतो, असे पुष्कळदा घडते.

उत्तर आले, तर मुलाखत बहुधा पडद्यावर होते. आपल्या कामाविषयी अर्धा-पाऊण तास बोलावे लागते. मग हमखास एक प्रश्न येतो: कोणता प्रयोग जमला नाही, आणि मग तुम्ही काय केले? आपल्याकडच्या प्रबंधांत न जमलेल्या प्रयोगांना जागा नसते, म्हणून आपली मुले इथे अडखळतात. वास्तविक न जमलेल्या प्रयोगाचे कारण ज्याने शोधले, त्याच्याजवळ सांगण्यासारखे सर्वांत जास्त असते.

शिफारसपत्रे हा आपल्याकडचा दुखरा भाग आहे. साधारणतः तीन लागतात आणि ती शिफारस करणाऱ्याने परस्पर, गोपनीय पाठवायची असतात. आपल्याकडे मात्र ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही पद्धत सर्रास चालते. मग तिन्ही पत्रांत तीच विशेषणे आणि व्याकरणाच्या त्याच चुका दिसतात, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते. मार्गदर्शकाशिवाय दुसरे कोणी आपले काम जवळून ओळखत नसेल, तर पत्र देणार कोण? म्हणून पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षापासूनच परिषदांना जावे, दुसऱ्या संस्थेत काही आठवडे उपकरण वापरायला जावे, तिथल्या माणसांना आपले काम दाखवावे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांपासूनही तेव्हाच दूर राहावे. अशा नियतकालिकांतले दहा निबंध परिचयपत्रात असण्यापेक्षा चांगल्या नियतकालिकातला एक असलेला बरा.

वेळेचे गणित वेगळे सांगायला हवे. प्रबंध सादर झाल्यापासून परीक्षकांचे अहवाल, मौखिक परीक्षा आणि विद्यापीठाची अधिसूचना यांत आपल्याकडे कित्येक महिने जातात. तिकडे प्राध्यापकाचे अनुदान सुरू झालेले असते. म्हणून शोधाला प्रबंध सादर करण्याच्या सुमारे वर्षभर आधी लागावे आणि पत्रातच तारखांची खरी स्थिती कळवावी.

कोठे जावे, याचे उत्तर दरवेळी अमेरिका किंवा इंग्लंड हे नसते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून व मराठवाड्यातूनही पदार्थविज्ञानाचे अनेक डॉक्टर दक्षिण कोरियात, सोल आणि ग्वांग्जू येथील विद्यापीठांत गेले. त्यामागचे कारण पाहण्यासारखे आहे. आपल्या विद्यापीठांत महाग यंत्रे नव्हती. म्हणून रासायनिक द्रावणात काच बुडवून तिच्यावर पातळ थर चढवण्याचे स्वस्त तंत्र इथे विकसित झाले. चंचुपात्र, द्रावण आणि तापमान राखणारे साधन एवढ्यावर ते चालते. कोरियात उत्तम सूक्ष्मदर्शके होती, सौर घट आणि विद्युत साठवणीच्या प्रकल्पांना पैसा होता, आणि हाताने काम करणारी माणसे हवी होती. गरिबीतून आलेले कसब तिथे कामी आले. पहिल्या काहींनी मागच्यांना बोलावले आणि वाट पडत गेली.

हे सर्व करून नोकरीची हमी मिळते का? नाही. परत आल्यावर जागा निघालेली नसणे, ही शक्यता खरी आहे आणि घरच्यांपासून ती लपवू नये. पण दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडावा. तासिका तत्त्वावरचे काम वर्षातले काही महिनेच चालते आणि मानधन तासांवर मोजले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी अध्यापन किंवा पोस्ट-डॉक यांच्या अनुभवाला प्रत्येक वर्षाचे २ गुण, कमाल १०, असे सारखेच धरले होते. तेव्हा ‘बाहेर गेला की इथली ज्येष्ठता बुडते’ हे जे सांगितले जाते, त्यात निदान त्या तक्त्यापुरते तथ्य नाही. कर्ज असलेल्या, वृद्ध आईवडील असलेल्या घरात निर्णय वेगळा होऊ शकतो. अशांनी पुणे, मुंबई, हैदराबाद येथील राष्ट्रीय प्रयोगशाळांतल्या जागा आधी पाहाव्यात. दरमहा घरी काही पाठवता येते आणि सणाला गावी येता येते.

फसवणुकीपासून मात्र सावध राहावे. खरी पोस्ट-डॉकची जागा उमेदवाराकडून नोंदणीचे, प्रक्रियेचे किंवा ‘अनामत’ म्हणून एक रुपयाही मागत नाही. पारपत्र आणि व्हिसा यांचे शुल्क सोडून कोणी पैसे मागितले, तर तिथेच थांबावे.

शेवटी एक गोष्ट थेट शाळेच्या हातातली. दहावीच्या प्रमाणपत्रावर आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे असा क्रम असतो. परदेशी अर्जांत पहिले नाव ते स्वतःचे नाव, असे गृहीत धरतात. त्यातच दहावीला इंग्रजी स्पेलिंग एक, आधारकार्डावर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे असले, की निवड झालेल्या उमेदवाराला प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्रातल्या जाहिराती यांच्यामागे धावावे लागते, आणि तिकडची रुजू होण्याची तारीख निघून जाते. ऊसतोडीला आईवडील गेलेले असताना हा दहावीचा अर्ज पुष्कळदा वर्गशिक्षकच भरतात. त्या दिवशी मुलाचे आधारकार्ड शेजारी ठेवावे, इंग्रजी अक्षरे एकेक करून जुळवावीत, आणि फरक दिसला तर तो दहावीचे प्रमाणपत्र छापले जाण्याआधीच दुरुस्त करून घ्यावा.